स्लॅबचे शेअर

अठरा एप्रिल. बिबडे घालायचे होते. ज्वारी भिजून, कांडून, चाळून तयार होती आणि तिला आणखी थांबवता येत नव्हतं. एक दिवस उशीर झाला की आंबूस वास जात नाही. मग ते बिबडे घरच्यांनी खायचे आणि पाहुण्यांना उडदाचे पापड द्यायचे. म्हणून मी उजाडायच्या आत गच्चीवर चूल मांडली, शेजारणीला हाक मारली आणि खाटांवर ओली धोतरं अंथरली. जळगावात एप्रिलमध्ये ऊन पडण्याची वाट पाहावी लागत नाही, त्याच्या आधी काम उरकायचं असतं.

ज्यांच्याकडे बिबडे होत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. ज्वारीचं जाडसर पीठ लसूण, तीळ, मिरची घालून मोठ्या पातेल्यात शिजवायचं आणि चटका बसेल इतकं गरम असतानाच ओल्या हाताने कापडावर पापडासारखं थापायचं. गार झालं की थापलं जात नाही. म्हणजे एकदा बसलं की पातेलं रिकामं होईपर्यंत दोन्ही हात बरबटलेले. हे सांगायचं कारण एवढंच की पुढचा सगळा प्रकार माझे हात बरबटलेले होते म्हणून झाला.

शेअर बाजार सव्वानऊला उघडतो. त्याच्या थोडं आधी फोन वाजला. फोन पाण्याच्या टाकीवर ठेवलेला होता. शेजारीण जवळ होती, तिने कोपराने फोन उचलला, कोपरानेच स्पीकर लावला आणि पुन्हा थापायला बसली. फोन भावाचा होता.

भाऊ माझ्याहून लहान. साक्रीच्या पलीकडे आमच्या गावी शेती करतो. तो मला अक्का म्हणतो आणि मी त्याला भाऊ म्हणते, कारण सगळं गाव म्हणतं. त्याच्या घरावर पत्रे आहेत. पुढची खोली दुपारी झाडाच्या सावलीत असते, पण स्वयंपाकघरावर दिवसभर ऊन असतं. उन्हाळ्यात भावजय भाकरी टाकायला बसली की तव्याचा जाळ खालून आणि पत्र्याचा वरून. लग्न होऊन आली तेव्हापासून तिला पुढच्या वर्षी स्लॅब टाकू असं सांगितलेलं आहे. सांगणारे आधी माझे वडील होते, नंतर भाऊ.

एका वर्षी कांद्याने साथ दिली. स्लॅबचे पैसे हातात आले. गवंडी बघून ठेवला, रेतीची चौकशी झाली, आणि तेवढ्यात भाऊ सोनगीरला एका लग्नाला गेला. पंगतीत शेजारी बसलेल्या माणसाने त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, सिमेंटचे भाव उतरणार आहेत, थांबा. दोन, तोवर पैसे शेअरमध्ये टाका. त्या माणसाचं नाव, गाव भावाला नंतर आठवेना, पण त्याने सांगितलेले शेअर तोंडपाठ होते.

त्याने मला फोन केला, कारण आमच्या घराण्यात शेअरचं खातं असलेली मी एकटी. हे खातं मुळात माझ्या नवऱ्याने उघडलं होतं. तो रावेरकडचा, केळीच्या घरातला. केळीवाल्याला थांबणं माहीत नसतं. घड तयार झाला की कापायचा आणि त्या दिवशी असेल तो भाव घ्यायचा, कारण उद्या त्याच घडाला कोणी विचारणार नाही. शेअरचंही त्याने तसंच केलं. थोडा वर गेला की विकायचा, थोडा खाली गेला की घाबरून विकायचा. वर्षभरात दलालाशिवाय कोणाचंही भलं झालं नाही. मग त्याने नाद सोडला आणि खातं घरात पडून राहिलं. त्याच्या व्यायामाच्या सायकलीवर मी कपडे वाळत घालते, तसं हे खातंही मी वापरायला घेतलं.

मी ब्लाउज शिवते. बाई मापं देऊन गेली की काम माझं आणि वेळ माझा, त्यामुळे मधेमधे बाजार बघता येतो. सुरुवातीला मीही घाबरायचे. भाव पडायला लागला की माझे हात गार पडायचे आणि बोट आपोआप विकण्याच्या बटणाकडे जायचं. मग मी एक ठरवून टाकलं. बाजार पडला की आधी हातांना काम द्यायचं, फोन नंतर. ते कामही असं पाहिजे की मधेच सोडता येणार नाही. पंखा उतरवून पुसायचा, मिक्सर सोडून धुवायचा, ब्लाउजची चुकलेली बाही उसवायची. काम संपेपर्यंत फोन गव्हाच्या कोठीत. काम संपलं की मी स्वतःला विचारायचे, हा शेअर आज माझ्याकडे नसता तर मी घेतला असता का. घेतला असता, तर राहू द्यायचा. नसता घेतला, तर विकायचा. बहुतेक वेळा राहू द्यायचे. बाजार चांगलाच पडला होता त्या वर्षी आमच्या घरातले पंखे फार स्वच्छ होते.

थांबण्याची सवय मला माहेरची आहे. आमच्याकडे कापूस. कापूस वेचून घरात आणायचा आणि भाव चढेपर्यंत घरातच ठेवायचा. पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग असायचा, आम्ही भावंडं त्याच्यावर झोपायचो. कापूस घरात राहिला की अंगाला खाज सुटते. आम्ही सगळे खाजवायचो, आई चिडायची, वडील म्हणायचे, अजून पंधरा दिवस. ते पंधरा दिवस कधी कधी होळीपर्यंत चालायचे. माहेरी धीर म्हणजे काय ते मला असं कळलं. भाऊही त्याच ढिगावर झोपलेला, तेव्हा त्यालाही ते जमेल असं मला वाटलं.

सोनगीरच्या माणसाचे शेअर मी त्याला घेऊ दिले नाहीत. पैसे टाकूच नको असंही सांगून बघितलं, पण सिमेंट उतरणार हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग निदान बऱ्या कंपन्यांत तरी राहू देत म्हणून चार नावं मीच सांगितली. त्याने स्वतःचं खातं उघडून ती घेतली. भावजय त्यांना कंपनीच्या नावाने ओळखत नसे. ती म्हणायची, स्लॅबचे शेअर. फोनवर माझी खुशाली विचारून झाली की पुढचा प्रश्न, "स्लॅब कितला वर शे आज?"

काही महिने स्लॅब वर होता. सिमेंटही वरच होतं, म्हणून कोणी काही केलं नाही. होळीनंतर बाजार खाली यायला लागला आणि भावाचे फोन सुरू झाले.

गावी आमच्या घराच्या आत फोनला रेंज नाही. शेताच्या बांधावर एक निंब आहे, तिथे येते. होळीपासून भाऊ त्या निंबाखालीच असायचा. बाजार चालू असेपर्यंत उभा, बंद झाला की घरी. भावजयीने मला सांगितलं की दुपारची झोप गेली, जेवण अर्ध्यावर आलं, आणि बैलांशी सुद्धा धड बोलत नाहीत. मी भावाला माझी युक्ती सांगितली. हाताला काम दे म्हटलं. तो म्हणाला, अक्का, शेतकऱ्याला तू हाताला काम दे म्हणून सांगतेस. त्याचे हात दिवसभर कामातच होते आणि तरी तो घाबरलेला होता.

दर फोनला तो तेच विचारायचा, विकू का. मी तेच सांगायचे, बसून राहा. कंपन्या चांगल्या आहेत, कुठे पळून जात नाहीत. भाऊ ऐकायचा, दोन दिवस शांत राहायचा आणि पुन्हा फोन करायचा.

अठरा तारखेलाही तेच झालं. आदल्या दिवशी बाजार बराच पडला होता आणि आज आणखी पडेल असं त्याच्या मोबाइलवर कोणी कोणी लिहिलेलं होतं. फोन टाकीवर, मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला, चुलीत काटक्या तडतडत होत्या, गच्चीवर वारा. निंबाखालीही वारा असणार. भावाचा आवाज तुटक तुटक येत होता. आमचं फोनवरचं बोलणं अहिराणीत चालतं. आईच्या घरी जी भाषा बोललो तीच. तो म्हणाला:

"अक्का, आजबी पडी म्हणतस. इकी टाकू का बठ्ठं?"

आजही पडेल म्हणतात, सगळं विकून टाकू का. मी हातातला गोळा कापडावर टाकला आणि टाकीच्या दिशेने मान वळवून जोरात सांगितलं:

"बठी ऱ्हाय."

बसून राहा. एवढंच, नेहमीचंच. तिकडून काहीतरी आलं, ते वाऱ्यात गेलं आणि फोन बंद झाला. शेजारीण म्हणाली, तुझा भाऊ रोज परवानगी मागतो का. मी म्हटलं, हो. आम्ही पुढचं पातेलं उतरवलं.

इथे ज्याला अहिराणी येत नाही त्याने जरा थांबावं. आमच्याकडे बठणं म्हणजे बसणं आणि बठ्ठं म्हणजे सगळं. समोरासमोर बोलताना यात कोणाचा घोटाळा होत नाही. लहान पोराचाही होत नाही. पण मधे तीन तालुके, दोन वारे आणि एक पाण्याची टाकी असेल, आणि विचारणाऱ्याने आधीच ‘बठ्ठं’ म्हणून विचारलेलं असेल, तर ‘बठी ऱ्हाय’ मधला फक्त ‘बठ’ पोहोचतो. पुढचं ऐकणारा स्वतः घालतो.

कापडं भरली, भांडी घासली, आंघोळ केली आणि जेवायच्या आधी भावाला फोन लावला. माझ्या नेहमीच्या पद्धतीने त्याला विचारायचं होतं की शांत बसला आहेस ना. तो इतक्या मोकळ्या आवाजात बोलला की मला वाटलं चुकून दुसरीकडे लागला. म्हणाला, डोक्यावरचं ओझं उतरलं. म्हणाला, आज वरण जरा पांचट होतं तरी दोन वाट्या प्यायलो. मी विचारलं, काय झालं.

"तूच सांगं ना, बठ्ठं," तो म्हणाला. "इकी टाकं मी."

तूच सांगितलंस ना सगळं, टाकलं विकून. त्याने आपणहून सांगितलं की बाजार उघडल्या उघडल्या चारही विकले, आता घरी जाऊन जरा पडतो. आणि फोन ठेवला.

मी बाजार बघितला. बाजार सकाळी खाली उघडला होता आणि नंतर चढत गेला होता. भावाने ज्या भावात विकले, तो दिवसातला सगळ्यात खालचा भाव होता. असं विकायला ठरवूनही जमत नाही.

माझे हात गार पडले. स्वतःचे शेअर याच्या दुप्पट पडले तेव्हाही हात इतके गार पडले नव्हते. ते पैसे माझे असायचे आणि चुकलं तर एक कूलर पुढच्या वर्षी आला असता. हे स्वयंपाकघरावरचं छत होतं. मी मशीनवर बसले आणि एका गिऱ्हाईक बाईच्या ब्लाउजची बाही उसवायला घेतली. निम्मी उसवून झाल्यावर लक्षात आलं की ती बाही बरोबर होती.

मग डोक्यात हिशेब यायला लागले. भावाला उठवायचं, सांगायचं की तू चुकीचं ऐकलंस, आत्ताच्या आत्ता परत घे, बाजार बंद व्हायला अजून वेळ आहे. हे मला अगदी शहाणपणाचं वाटत होतं. मी फोन गव्हाच्या कोठीत टाकला, ती बाही पुन्हा शिवली, दोरा तोडला, आणि मग स्वतःला नेहमीचा प्रश्न विचारला. भावाकडे आज हे शेअर नाहीत, स्लॅबचे पैसे आहेत. आज त्याने या पैशाचे शेअर घ्यावेत असं मी सांगेन का.

नाही सांगणार. मी तर सुरुवातीलाही टाकू नको म्हणून सांगितलं होतं. मग होळीपासून मी त्याला बसून राहा म्हणत होते ते कशाच्या जोरावर, याचा विचार करताना माझं लक्ष वर गेलं. वर बिबडे वाळत होते. ज्या गच्चीवरून मी त्याला बसून राहा म्हणून ओरडले, तो स्लॅब होता. ऊन लागत होतं ते त्या स्लॅबला, मी खाली पंख्यात बसले होते. स्लॅबखाली बसणं सोपं असतं. मी त्याला जो धीर देत होते तो माझ्या घराचा होता, त्याच्या घराचा नव्हता.

तरीही खरं काय ते सांगायला हवं होतं. मी पुन्हा फोन लावला. भावजयीने उचलला. म्हणजे फोन घेऊन ती निंबाखाली आली होती.

"ते जपेल शेतस," ती हळू आवाजात म्हणाली. झोपलेत. निंब घरापासून लांब आहे, हळू बोलायची गरज नव्हती. होळीनंतर आज पहिल्यांदा दुपारी झोपलेत, घोरताहेत, आणि उठले की त्यांना फोन दिसू नये म्हणून तो ती घेऊन आली होती.

मी तिला सगळं सांगितलं. मी काय म्हटलं होतं, भावाने काय ऐकलं, त्यानंतर बाजार किती चढला. ती ऐकत राहिली. मग विचारलं, आता पैसे बँकेत कधी येतात. मी म्हटलं, येतील एक-दोन दिवसांत. किती येतील, तिने विचारलं. मी सांगितलं की टाकले होते त्याहून कमी, पुढच्या खोलीला पुरणार नाहीत.

"सयपाकघरले पुरतीन ना?"

स्वयंपाकघराला पुरतील, मी म्हटलं.

"मंग तेच बठ्ठं शे मनासाठे," ती म्हणाली. मग तेच सगळं आहे माझ्यासाठी. पुढे म्हणाली, "अक्का, त्यासले तुमी काय म्हणनात ते सांगू नका. सांगशात, ते परत इकत लेतीन. मी परत पत्राखाले."

तिचं बरोबर होतं. भाऊ ते शेअर परत विकत घेणारच होता. आपण उगाच विकलं हे कळलं की तो उद्या सकाळी निंबाखाली हजर असता. मी तिला सांगितलं की मी आपणहून सांगणार नाही, पण त्याने विचारलं तर खोटं बोलणार नाही. ती म्हणाली, ते विचारणार नाहीत, त्यांना वाटतं आहे तुम्हीच सांगितलं. मग म्हणाली की तुमच्या फोनची दुरुस्ती करू नका, चांगला आहे तसा. एवढं बोलून ती गेली, कारण वाटेत सेंट्रिंगवाल्याच्या घरी निरोप द्यायचा होता. मुळात ती घरातून निघाली होती ती त्याच कामाला, हे मला मागाहून कळलं.

संध्याकाळी बिबडे सोडवले. कापडाला मागून पाणी मारून हळू सोडवायचे असतात. घाई केली की तुटतात. नवरा मदतीला वर आला आणि थोडे तोडले. मी त्याला दिवसभराचं सांगितलं. तो म्हणाला, तुझ्या भावाने शेवटी केळीवाल्यासारखं केलं. त्याच्या बोलण्यात कौतुक होतं. मी म्हटलं, तू बिबडे नीट सोडव.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आधी हात धुतले. बिबड्यांना दुसरं ऊन द्यायचं होतं, पण ते तसेच टोपलीत ठेवले आणि खुर्ची घेऊन गच्चीवर बसले. फोन हातात धरला, स्पीकर बंद. सव्वानऊ वाजायच्या थोडं आधी तो वाजला.

भावाने बाजाराबद्दल वाचलं होतं. काल चढला, आज आणखी चढणार असं लिहिलं आहे. विकले ते ठीकच केलं, पण आता परत घ्यावेत का. आवाजात पुन्हा तो निंबाखालचा भाऊ होता.

आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्याशी अहिराणीत बोलले नाही. गिऱ्हाइकांशी बोलते तसं, एकेक शब्द सुटा करून बोलले.

"नाही, भाऊ. काहीही घ्यायचं नाही. ते पैसे स्वयंपाकघराच्या स्लॅबचे आहेत. स्लॅब टाका."

मग तो म्हणाला:

"अक्का, घरमा कोणी येल शे का?"

कोणी आलेलं नाही, मी म्हटलं.

"मंग अशी काय बोली ऱ्हायनी?"

मी म्हटलं, ऐकू नीट यावं म्हणून. आणि तेच वाक्य पुन्हा, त्याच मराठीत सांगितलं. तो म्हणाला, बरं. मग म्हणाला की घरी सेंट्रिंगवाला येऊन बसला आहे, तुझ्या भावजयीने कशाला बोलावला कोण जाणे, चहा पिऊन झाला तरी उठत नाही, आता जाऊन माप तरी देतो. मी म्हटलं, दे.

फोन ठेवला आणि बिबडे पसरायला घेतले. तोवर स्लॅब तापला होता. खाली जाऊन चप्पल घालून आले.